ओट्यामागचा हुंकार

यातलं काहीही वाढवून सांगितलेलं नाही. उलट दोन गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्या लिहू नका असं तिनेच सांगितलं. जिच्या बाबतीत हे घडलं ती नात्यातली आहे, भानावर आहे आणि आजही रोज कामावर जाते.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. ही भर दुपारची आहे. तिसऱ्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघरात लख्ख ऊन, खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा.

तिचं काम कान तपासायचं. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. मग गरजेप्रमाणे ऐकायचं मशीन बसवून द्यायचं. दवाखान्यातले सहकारी तिची चेष्टा करायचे. तुझ्या घरी एक बोलत नाही, एकीला ऐकू येत नाही, आणि तू इथे येऊन लोकांचे कान तपासतेस.

ती हसायची. खोटं नव्हतंच त्यात काही.

नवरा बोलायचा नाही. म्हणजे जगाशी बोलायचा. फोनवर मित्रांशी खिदळायचा, जिन्यात शेजाऱ्यांची विचारपूस करायचा. अबोला फक्त बायकोशी. एकदा सुरू झाला की आठवडेच्या आठवडे. कारण सांगायचा नाही; ते तिने ओळखायचं. ओळखून माफी मागितली तरी भागायचं नाही. काहीतरी सोडावं लागायचं. आधी मैत्रिणीकडे जाणं सुटलं. मग गाण्याचा क्लास. सोडलं, की दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा आवाजात तो विचारायचा, "चहा घेणार?"

आणि तेवढ्यावर तिला रडू यायचं. आनंदाने.

या वेळी त्याचं शेवटचं वाक्य होतं, "नोकरी की घर, ते ठरव." त्यानंतर तोंड बंद. जेवणात मीठ कमी पडलं तर तो आपल्या बहिऱ्या आईला ओरडून सांगायचा. समोर वाढणाऱ्या बायकोला ऐकू जावं म्हणून.

तिची आई फोनवर म्हणायची, मारत नाही, पीत नाही, बोलत नाही एवढंच ना? भाऊ म्हणायचा, तूच थोडं नमतं घे. सासूबाईंचं ठरलेलं, ह्याचे वडील असेच होते, मी नाही का दिवस काढले?

ती दमली होती. भांडून दमली असती तर बरं होतं. पण भांडायलाही समोर कोणीतरी लागतं.

बुधवारी तिला दवाखान्यात अर्धाच दिवस असायचा. अशाच एका बुधवारी सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. ओटा पुसता पुसता ती स्वतःशीच म्हणाली, "कंटाळा आला गं बाई."

"...हं."

तिचा हात थांबला.

आवाज ओट्याच्या मागून आला होता. बाईचा. थकलेला. गोष्ट ऐकणारा हुंकार देतो ना, पुढे सांग म्हणून... तसा.

ओट्यामागे भिंत. भिंतीपलीकडे काहीच नाही. तिसरा मजला, मोकळी हवा.

तिने नळ तपासला. फ्रिज बंद करून पाहिला. सासूबाईंच्या खोलीत डोकावली. त्या घोरत होत्या.

मग तिने स्वतःची समजूत घातली. तिच्या कामात हे रोजचं. ज्यांना ऐकू यावं असं फार वाटतं, ते आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबतात. खोटं बोलत नाहीत बिचारे. त्यांना खरंच ऐकू येतं.

पुढच्या बुधवारी तिने परीक्षाच घेतली. ओट्यासमोर उभी राहून साबणाच्या पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचला.

काही नाही.

आठवड्याचे वार म्हणून दाखवले.

काही नाही.

"आजही बोलला नाही तो."

"...हं."

खरं तर तिथून पळायला हवं होतं. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

मग दर बुधवारी ती बसू लागली. सगळं सांगू लागली. हुंकार बरोबर जिथे हवा तिथे यायचा, ना आधी ना नंतर. तिची भूक परतली. झोप लागू लागली. नवरा एखाद्या कपाटाला वळसा घालावा तसा तिच्या शेजारून गेला, तरी तिला वाटायचं, जाऊ दे, बुधवारी बोलू. फोनवर आई खूश झाली. म्हणाली, बघ, होते की नाही सवय?

शेवटी तिने ठरवलं. महिनाअखेरीला नोकरी सोडायची. मग रोजच दुपार मोकळी. हे तिने आधी कोणाला सांगितलं असेल, तर ओट्याला.

या वेळी उत्तर लगेच आलं नाही.

मग...

"हं."

अगदी जवळून. कानाच्या पाळीला ऊब लागावी इतक्या जवळून. आणि पहिल्यांदाच त्यात थकवा नव्हता.

ती पाळी चोळत उठली आणि कामाला लागली.

नोकरी सोडण्याआधी सासूबाईंना मशीन बसवून द्यायचं होतं. म्हातारी वर्षानुवर्षं टाळत होती, काय ऐकायचं राहिलंय म्हणून. सुनेने शेवटी, महिनाअखेरीला नोकरी सोडतेय, मग जमणार नाही, असं त्यांना सांगून मशीन घरी आणलं आणि बुधवारी दुपारी त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून कानात बसवलं. सासूबाईंना खिडकीतली पाखरं ऐकू आली. नळाची टपटप ऐकू आली. स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून त्यांना लहान मुलीसारखं हसू फुटलं.

सुनेने हुश्श केलं. सवयीने म्हणाली, "झालं बाई एक काम."

"...हं."

सासूबाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

त्या सुनेकडे बघत नव्हत्या. ओट्याकडे बघत होत्या.

"अजून आहे?" त्या पुटपुटल्या.

सुनेच्या हातातली मशीनची डबी खाली पडली. म्हणजे तिने आवाज नसताना बटण दाबलं नव्हतं; हुंकार खरंच होता.

"मला वाटलं, तीही रुसली," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस गप्पच झाली. ह्यांच्यासारखी. किती विनवण्या केल्या मी या भिंतीला... आणि मीच बहिरी होत होते होय गं?"

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हाही ओट्यामागे ती होतीच. त्यांचाही नवरा बोलायचा नाही. ही ऐकायची. माहेरची माणसं एकदा न्यायला आली होती, सामानसुद्धा बांधून झालं होतं. पण सासूबाईंचा पाय निघेना. हिला एकटी टाकून कसं जायचं, असं वाटलं. लोक म्हणतात, नवऱ्यासाठी राहिली.

कोण आहे ती, असं सुनेने विचारलं. सासूबाईंनी मान हलवली. कधी विचारलंच नव्हतं. विचारलं आणि निघून गेली तर?

ओट्यामागे शांत होतं. नळाची टपटपही थांबली होती. कोणीतरी श्वास रोखून ऐकतंय... असं दोघींना एकाच वेळी वाटलं.

सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं. आवाज इतका खाली आणला, की ओठांवरूनच समजून घ्यावं लागलं.

"नोकरी सोडायचं तू ठरवलंस? का हिने?"

सुनेचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

त्याच आठवड्यात तिने दवाखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. भाऊ म्हणाला, चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आईने फोन उचलला नाही. बॅग घेऊन ती दाराशी पोचली, तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर केली.

"चहा घेणार?"

ती क्षणभर थबकली, हे तिने लपवलं नाही. मग तिने दार ओढून घेतलं.

सासूबाई परवा दवाखान्यात आल्या होत्या. एकट्याच. खूप वाळल्या होत्या. सुनेला जाऊ दिलं म्हणून मुलगा आता त्यांच्याशीही बोलत नाही. त्यांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"आवाज कमी करून दे," म्हणाल्या. "बंद नको. कमी."

का, असं तिने कागदावर लिहून विचारलं.

"ती आता हुंकार देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "विचारते."

काय, असं तिने खाली लिहिलं.

"तू कधी येतेस, म्हणून. सारखं तेच." त्यांनी नजर वळवली. "मी सांगते, येईल. काय करू? त्याशिवाय झोपू देत नाही गं."

तिने आवाज कमी करून दिला. असं मशीन परत देण्याआधी स्वतःच्या कानाला लावून तपासायचं असतं. तिथला नियम आहे तो, आणि तिने तो आजवर मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. मशीन नुसतं पुसलं आणि मुठीत धरून पुढे केलं.

मुठीत धरलं की चालू मशीन बारीक शीळ घालतं. सगळीच घालतात.

हे चालू होतं... आणि गप्प होतं. सुनेने बोलायची वाट बघत.