खाली आलेला डबा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर खुशाल पुढे स्क्रोल करा. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलंय. भाईंदर पूर्व, नवघर रोडच्या मागची बिल्डिंग, मागच्या वर्षीचे गणपती.

आणि रात्री नाही... भर दुपारी. रात्री आमचा मामा जेवला की घोरतो. त्याला घाबरवायचं तर भुतालाच शिफ्ट बदलावी लागते.

महिपतमामा तेव्हा एकटा होता. म्हणजे नेहमीपेक्षाही जास्त एकटा.

उर्मिलामामीला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात सण नाही. त्यात गणपतीला आख्खी बिल्डिंग कोकणात. वरचे रत्नागिरीला, खालचे रायगडला. वॉचमनसुद्धा कुणाच्या तरी गाडीत मागे बसून गेलेला. जिन्यात स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून मामा मागे वळून बघायचा.

मामीचं माहेर नाशिककडचं. वणीच्या सप्तशृंगीची ओटी भरायची, एवढीच तिची इच्छा. पण गुडघे पायऱ्या चढू देईनात. मग गडावर कड्याला धरून चढणारी ट्रॉली झाली.

"आता तरी चला ना," मामी म्हणायची.

"पुढच्या महिन्यात," मामा म्हणायचा.

पुढचा महिना आला. मामी नव्हती.

म्हणून मामाने हॉलमध्येच गड बांधायला घेतला.

दरवर्षी गणपतीचा देखावा तोच करायचा, त्यामुळे हात बसलेला. थर्माकोलचा कडा, त्यावर काळा रंग, माथ्यावर देवीचं देऊळ. कड्यावर रूळ, आणि काडेपेटीचे दोन डबे. त्याचा जुना दोस्त कॉन्रॅड उत्तनहून तंगूस घेऊन आला, मासे पकडायची नायलॉनची दोरी.

"आरं महिपत, मोटार कुठं हाय?"

"मोटार नाही लागत. दोरी एकच, वर कप्पीवरून फिरते. दोन टोकांना दोन डबे. वरचा जड झाला की खाली येतो, खालचा वर जातो."

"म्हंजी एकाला वर धाडायचं तर दुसऱ्यानं खाली यायलाच पायजे?"

"हो."

"आमच्या फादरना सांगतो. स्वर्गात जागा का न्हाय मिळत ते कळलं."

कॉन्रॅड हसत हसत गेला. बिल्डिंग पुन्हा गप्प झाली.

दुपारी मामाने शाडूची मामी केली. बोटाएवढी. तिच्या मांडीवर ओटी ठेवली. हिरव्या खणाचा तुकडा, चार तांदूळ, नारळाच्या जागी वाटाणा. मग तिला खालच्या डब्यात बसवलं. वरचा डबा रिकामा. त्यात मूठभर तांदूळ टाकले की तो खाली येणार आणि मामी देवीपाशी पोचणार.

मामा तांदूळ आणायला किचनमध्ये गेला.

आणि मागे...

कर्र... कर्र...

कप्पी फिरत होती.

मामा धावत बाहेर आला. मामी चढत होती. सावकाश, जराही न डगमगता. आणि वरून रिकामा डबा खाली येत होता... भरल्यासारखा.

टक्.

"पोचलीस गं!" मामा म्हणाला. तांदूळ अजून त्याच्या मुठीतच होते.

मग त्याची नजर खाली गेली.

मामी वर गेली, ते ठीक.

पण खाली कोण आलं?

खालचा डबा हलकेच हलला. रिक्षातून कुणी उतरावं, तसा...

खट्.

हॉलमधला पंखा बंद झाला. मामाने लावला. पुन्हा खट्. भाद्रपदात, भाईंदरमध्ये, पंखा बंद करणारा माणूस जिवंत असणं शक्यच नाही.

थोड्या वेळाने बाथरूमची कडी आतून लागली. बऱ्याच वेळाने उघडली. लाईट मात्र आठवणीने बंद केलेला.

मग सोफ्याच्या एका टोकाची गादी दबली... आणि दबलेलीच राहिली.

मामाने कॉन्रॅडला फोन लावला.

"दोरी काप," कॉन्रॅड म्हणाला. तो आता हसत नव्हता.

"कापली की दोन्ही डबे पडतील."

"मंग त्याला परत धाड वर."

"मग ही खाली येईल ना! आयुष्यभर थांबली, आत्ता कुठे पोचलीय."



"महिपत... तुझ्या मागं कोण खोकतंय?"

मामाने मागे बघितलं नाही.

तिन्हीसांजेला सोफ्याची गादी हळूहळू वर आली. सपाट झाली. कुणीतरी उठलं होतं. खालचा डबा थरथरला.

कर्र...

मामी देवळाच्या दारातून बोटभर खाली सरकली.

मामाला काय सुचलं देव जाणे. रिकाम्या हॉलला हात जोडून तो म्हणाला, "अहो, निघालात कुठे? बसा की. चहा टाकतो."

कप्पी थांबली.

मामी पुन्हा वर सरकली. सोफ्याची गादी दबली.

गणपती संपले, बिल्डिंग भरली. मामा मात्र घराबाहेर पडेना. माझी आई त्याला बोलावून बोलावून थकली. "नाही गं ताई," तो म्हणतो, "घरी पाहुणा आहे. कंटाळून उठला तर?"

परवा मी गेलो. दोन कप चहा, पंखा बंद, आणि मामा सोफ्याकडे बघून स्वतःच्या पहिल्या नोकरीचा किस्सा सांगत होता. आवाज पार बसलेला.

"माझ्याकडचं सगळं सांगून झालं रे," तो माझ्या कानात म्हणाला. "तू बोल ना थोडं."

मी सोफ्याच्या अलीकडच्या टोकाला बसलो. पलीकडची गादी दबलेली होती. मी घाबरून तोंडाला येईल ते बडबडलो. ऑफिस, बॉस, दोन जुने पीजे. कुणी हसलं नाही. शेवटी मी उठायला लागलो, तर मामाने माझं मनगट धरलं.

"एवढ्यात नको. त्याला आवडतंय."

"तुला कसं कळलं?"

मामा नुसता माझ्या बाजूला बघत राहिला.

पलीकडची गादी सपाट झाली होती.

माझ्या मांडीला लागूनची... दबली होती.