हळूहळू तापवलेला कोळसा

पाथर्डीचे हैदरभाई लोहार, हैदरभाईंचे उस्मान, उस्मानचे चांदभाई आणि चांदभाईंचा हा फराज. या घराने ऊसतोडकऱ्यांचे हजारो कोयते घडवले. परंतु शेवगावच्या भट्टीवरून हैदरभाईंनी ऐन हंगामात उसना आणलेला घमेलंभर कोळसा परत करणे कोणालाच साधले नव्हते. त्या भट्टीचे आजचे मालक शाहबाजभाई ठणकावून सांगत, "दहा किलोमागं किलोभर राख पडायची आमच्या कोळशाची. तसलाच आना!"

नगरच्या प्रयोगशाळेत फराजने पिशवी ठेवली.

"म्याडम, यात राख किती, तेवढं सांगा. शेवगावच्या एका भट्टीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचंय."

"तो म्हातारा माझा बाप आहे," कोळसा तपासणारी अरफा म्हणाली.

फराजचे कान लालबुंद झाले. "मग… ऱ्हाऊ द्या उघडंच."

अरफाला हसू आवरेना. त्या हसण्याच्या भरात तिने कोळशाची वाटी थेट प्रयोगशाळेच्या धगधगत्या भट्टीत सारली. राख भरली साडेअकरा टक्के. फराजने पिशवी उचलली.

"थांबा! चूक कोळशाची नाही, माझी. आधी ओल जायला हवी, मग वायू, मग गंधक… घाई केली की तेच गंधक राखेतल्या चुन्याला चिकटतं आणि राख फुकट जड होते. दुसरी वाटी हळूहळू तापवते. तीन तास लागतील. बसाल?"

"तीन पिढ्या बसल्या… तीन तासांचं काय!"

तो बसला. तिच्या डब्यातला अर्धा पराठाही त्याने खाल्ला. आणि तिच्या पांढऱ्या बाहीवर त्याच्या काळ्या बोटांचा ठसा उमटला, तो तिने पुसला नाही. राख भरली साडेनऊ.

रविवारी शेवगावात शाहबाजभाईंनी दोन्ही आकड्यांचा कागद भिरकावला. "पयला आकडाच खरा! दुसऱ्या बारीला पोरगी भुलली!"

"अब्बा, भुललेल्या पोरीचा आकडा पहिला होता," अरफा ताठ उभी राहिली. "दुसरा शुद्धीवर राहून काढलाय. आणि निकाह करीन तर याच्याशीच… तेही शुद्धीवर राहूनच सांगते."

भाता थांबला. शाहबाजभाई फराजकडे वळले.

"घमेलं कुठंय?"

फराजने शिगोशीग घमेले पुढे ठेवले. म्हाताऱ्याने तळहाताने ते काठाबरोबर सपाट केले आणि वरचे तुकडे वेचून फराजच्या ओंजळीत परत घातले.

"घेतलं हुतं तेवढं आलं. फिटलं! आता… काय मागायचं ते माग."