पालकांचा नंबर

तिसऱ्या दिवशीही तो कॉलेजच्या फाटकासमोर गाडीला टेकून उभा, म्हणून मी आमच्या महिला पथकाची जीप थांबवली.

“काय काम?”

“बहिणीला न्यायला आलोय.”

“इथं सगळे बहिणीलाच न्यायला येतात. वहीत लिहा, पुन्हा इथं उभा राहणार नाही म्हणून.”

त्यानं मुकाट्यानं लिहिलं — विश्वजीत, बजाजनगर. तेवढ्यात बहीण खरंच आली. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

दुसऱ्या दिवशी हा बाबा रस्त्याच्या पलीकडं.

“तिथं नाय उभा राहणार, असं लिहून दिलंय मॅडम. इथं चालतंय ना?”

“लई शहाणे आहात.”

“व्हय. पण ओळखलं तुम्हीच पहिल्यांदा.”

झालं! मग औरंगपुऱ्यात चहा... मग रोजच चहा. तो वाळूजला कंपनीत होता. आईवडील सोयगावला शेतीवर, आणि धाकटी श्रेया शिकायला त्याच्याकडं. मी करुणा, पोलीस शिपाई. वर्दी उतरली की तो मला ‘अगं’ म्हणायचा आणि मी दिवसभर त्या एका शब्दावर खूश असायची. आमचं कुणालाच माहीत नव्हतं. मी बौद्ध, तो पाटलाचा. “दिवाळीत आबांशी बोलतो,” तो म्हणायचा... मी चहात बघत बसायची.

दर महिन्याला मी त्या कॉलेजात बोलायला जायची. काहीही झालं तरी मला सांगा, मी तुमची ताई, असं पोरींना सांगायची. श्रेयानं ते खरं मानलं.

एका दुपारी बागेत ती आम्हाला राजकुमार नावाच्या मुलासोबत दिसली. एका डब्यात दोघं जेवत होती. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, गुन्हा काही नाही. पण पथकाची पद्धत ठरलेली — वहीत नाव, पालकांना फोन, समज देऊन सोडायचं. श्रेया घाबरली नाही, मला बघून हसलीच. हळूच म्हणाली, “ताई, दादाला बोलवा. आबांना नका.”

विश्वजीत आला असता तर सगळ्या पथकासमोर माझ्याकडं बघितलं असतं त्यानं. त्याला काही लपवता येत नाही. मी भ्याले... एवढंच.

“पालक म्हणजे वडील,” मी म्हणाले. “नंबर सांग.”

आबा फोनवर फार नम्रपणे बोलले. “उपकार झाले मॅडम. पोरगा कुणाचा?” मी वहीतलं नाव वाचलं, आडनावासकट. ते एकदम गप्प झाले. माझं आडनाव ऐकूनही माणसं अशीच गप्प होतात. मला कळलं, पण तोंडातून निघून गेलं होतं.

संध्याकाळीच ते गाडी घेऊन आले. श्रेयाला गावी नेलं. तिचं कॉलेज कायमचं सुटलं, आठ दिवसांत सुपारी फुटली. मी वर्दी घालून सोयगावला गेले. पोरगी सज्ञान आहे, नको म्हणाली तर घेऊनच येईन, असं ठरवून. ओसरीवर श्रेयाच्या शेजारी आबा बसले होते. मी त्यांना आत पाठवलं, तरी ती माझ्याकडं बघेना.

“माझ्या मर्जीनं चाललंय,” श्रेया म्हणाली.

मी तेच लिहून घेतलं. सही घेतली. दुसरं काय करणार होते?

लग्नासाठी गावी आलेला विश्वजीत मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत एकच विचारलं.

“मला का नाय केलास फोन?”

“तू सगळ्यांसमोर माझ्याकडं बघितलं असतंस... म्हणून.”

त्यानं मान वळवली. मग म्हणाला, “माझं लई प्रेम हाय तुझ्यावर, करुणा. अजून हाय. पण तुझ्याकडं बघवत नाय मला.”

बस लागली होती. त्यानं खिशातून लग्नपत्रिका काढली.

“आबांनी दिलीय. म्हणाले, त्या बाईंमुळं घराची अब्रू वाचली, पहिली पत्रिका त्यांना.”

मी ती दोन्ही हातांनी घेतली. वर हळदीकुंकू लावलेलं होतं.