चित्र इकडे, आवाज तिकडे

संध्याकाळचे साडेसात वाजले की गिरगावातल्या त्या मुलींच्या हॉस्टेलच्या नऊ नंबर खोलीत सुरुचीचा लॅपटॉप टीव्ही व्हायचा. दिवसभर बिचारा तिच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाखाली दबलेला असायचा. संध्याकाळी ट्रंकेवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि समोरच्या कॉटवर मांडी घालून सुरुची आणि तिची रूममेट माया. चित्र छान दिसायचं, पण आवाज अगदीच किरटा. म्हणून त्या दिवशी मायाने नवा स्पीकर आणला होता. निळा, तळहाताएवढा, बिनवायरचा.

सुरुचीने लॅपटॉपवर त्याचं नाव शोधलं. पडद्यावर 'जुळतंय' आलं, मग 'जुळलं'. मालिका सुरू झाली. काकूसाहेबांचे ओठ हलत होते, पण आवाज नाही.

"वाढव ना गं," माया म्हणाली.

सुरुचीने वाढवला. आणखी वाढवला. पार शेवटपर्यंत नेला.

आणि गल्लीपलीकडच्या चाळीतून काकूसाहेब कडाडल्या, "या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात समोरच्या खिडकीत, जेमतेम पंधरा फुटांवर, एक मुलगा आला. चष्मा कपाळावर, आणि हातात हुबेहूब तसलाच निळा स्पीकर – दुसऱ्याचं रडकं मूल धरावं तसा, अंगापासून लांब.

"ओ मॅडम... ही बाई तुमची का?"

"सॉरी, सॉरी. दोन्हींचं नाव एकच आहे हो... चुकून तुमचा जोडला गेला. थांबा, बंद करते."

"अजिबात करायचं नाही," आतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "अनिमेष, सांग तिला. तीन दिवसांनी माणसांचा आवाज ऐकतोय."

"आम्ही माणसं नाही वाटतं," मुलगा पुटपुटला. मग सुरुचीला म्हणाला, "माझे आजोबा. अण्णा. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून आज मी रजेवर. दोन आठवडे पालथं झोपायचं, टीव्ही बघायचा नाही. चोरून बघतील म्हणून आईने टीव्हीच उचलून मावशीकडे पाठवलाय."

"बघायला मनाई आहे, ऐकायला नाही," अण्णा आतून म्हणाले.

झालं. तेव्हापासून साडेसातला दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या. चित्र इकडे, आवाज तिकडे. अनिमेष स्पीकर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, म्हणजे अण्णांनाही ऐकू जायचं आणि गल्ली ओलांडून या दोघींनाही. मायाचा नवा स्पीकर खोक्यातच राहिला. ती म्हणायची, "माझा वापरला असता तर काय बिघडलं असतं?" पण मग सुरुचीच्या तोंडाकडे बघून तीच हसायची.

मालिकेत कुणी बोलेनासं झालं की अण्णांची पंचाईत व्हायची. "आता काय चाललंय?" ते विचारायचे. अनिमेष प्रश्न गल्लीपार पोचवायचा आणि सुरुची लॅपटॉपकडे बघून सांगायची.

"धाकटी सून दारात उभी आहे. पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय."

"साडी कुठली?"

"मोरपंखी... हे अण्णांनी विचारलं?"

"मी विचारलं. अण्णांच्या वतीने."

चौथ्या-पाचव्या दिवशी 'अहो' गेलं, 'अरे' आलं. तो फोर्टात एका आर्किटेक्टकडे काम करतो, हे कळलं. पूर्वी आठला घरी पोचणारा मुलगा हल्ली सव्वासातलाच टपकतो, हे अण्णांनी न विचारता सांगून टाकलं. साडेसातच्या आधी सुरुचीचेही केस विंचरलेले असायचे.

"मालिका लॅपटॉपवर असते, मॅडम," माया म्हणायची. "खिडकीत नसते."

मग एका संध्याकाळी मालिकेत खूप वेळ शांतता झाली. नुसती बासरी वाजत होती.

"काय चाललंय?" अनिमेषने विचारलं.

"तो आलाय. तिच्याकडे बघतोय."

"कसा?"

सुरुची लॅपटॉपकडे बघूनच सांगणार होती. पण नजर तिकडे वळलीच नाही. "कसा म्हणजे... चष्मा कपाळावर सरकवून. काहीतरी म्हणायचंय, पण म्हणत नाहीये... असा."

गल्लीत खाली एक स्कूटर सुरू झाली, लांब गेली.

"त्याला चष्मा कधी लागला?" अण्णांनी आतून विचारलं.

माया उशीत तोंड खुपसून हसत सुटली. सुरुचीचे कान तापले.

गुरुवारी डॉक्टरांनी अण्णांना टीव्ही बघायची परवानगी दिली. त्याच दुपारी मावशीकडचा टीव्ही परत आला. साडेसातला समोरच्या खोलीत निळसर उजेड हलताना दिसला. चित्रही तिकडे, आवाजही तिकडे. सुरुचीने खिडकीजवळ जाऊन पाहिलं... अनिमेष नव्हता. आजोबांची सोय होती, ती संपली. मग त्याने तरी का यावं? त्याचा फोन नंबरही तिच्याकडे नव्हता. रोज समोर दिसणाऱ्याचा नंबर कोण मागून ठेवतं?

"माझा स्पीकर काढू?" मायाने हळूच विचारलं.

"नको. राहू दे."

शुक्रवारी लॅपटॉप उघडलाच नाही. शनिवारी उघडला, प्रबंधाचं एक पान लिहिलं आणि तेही पुसलं. अण्णांचा डोळा बरा झाल्याचा आनंद तिला खरंच झाला होता. फक्त साडेसात वाजले की तो आठवत नव्हता, इतकंच.

रविवारी पाच वाजता जिन्यातून कमळाबाईंची हाक आली. हॉस्टेलचं दार त्याच सांभाळायच्या. "नऊ नंबर, सुरुची... खाली पाहुणा हाय."

तिचे आईबाबा चिपळूणला. सांगितल्याशिवाय कोण येणार? केसांना क्लिप लावत ती उतरली आणि शेवटच्या वळणावर थबकली.

दारातल्या टेबलापाशी इस्त्रीचा शर्ट घालून अनिमेष उभा होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेन. समोर पाहुण्यांची वही.

"नाव लिवलं, वेळ लिवली. ह्यो रकाना मोकळा का सोडला?" कमळाबाईंनी बोट ठेवलं. "नातं लिवा."

"ते... लिहायलाच हवं का?"

"नात्याबिगर सोडत न्हाई. भाऊ लिवा न् बसा बाकड्यावर. समदे तेच लिवतात."

"भाऊ नाही लिहिणार."

"मामेभाऊ लिवा."

"मावशी, भाऊ सोडून काहीही लिहायला सांगा."

कमळाबाईंनी चष्म्यावरून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग जिन्याकडे बघत म्हणाल्या, "ऐकलंस का गं? आता ह्याचं काय करू?"

सुरुची उरलेल्या पायऱ्या उतरली. "अण्णांनी पाठवलं?"

"भानोलं अण्णांनी पाठवलंय. कोबी-कोळंबीचं, खरपूस भाजलेलं, आईने केलंय." त्याने डबा पुढे केला. मग आवाज खाली आला. "मी... माझा आलोय. तीन दिवस निमित्त शोधत होतो, सुरुची. अण्णांचा डोळा बरा झाल्यावर मला काही सुचेचना. खिडकीत येऊन काय सांगायचं? शेवटी म्हटलं, आता दारातून जाऊ. आणि दारात ही वही."

"मग लिही की खरं काय ते."

"एकट्याने कसं लिहू? तुझंही मत लागेल ना."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. खिडकीतून कळलं नव्हतं, पण त्याच्या हनुवटीवर एक बारीकशी खळी होती. या एवढ्याशा अंतरावरूनच दिसणारी.

"पेन दे," ती म्हणाली.

वहीवर वाकून तिने एकच शब्द लिहिला. अक्षर स्वच्छ आलं. कमळाबाईंनी वही ओढून अक्षर न् अक्षर लावत वाचलं.

"जु-ळ-तं-य." त्यांनी वर पाहिलं. "हे कसलं नातं?"

अनिमेष त्या शब्दाकडे बघत राहिला, आणि त्याचं हसू कानापर्यंत पोचलं.

"सहापर्यंत येळ हाय," कमळाबाई म्हणाल्या आणि खुर्ची रस्त्याकडे तोंड करून फिरवून बसल्या. मग मागे न वळताच विचारलं, "काय वो, दर रविवारी ह्येच लिवनार का?"

"नाही मावशी," बाकड्यावर बसत अनिमेष म्हणाला. "बदलत जाईल."