पुलावरचा सरदार

दुपारी सव्वादोन. माझ्या प्रांजलच्या पापण्या नुकत्याच मिटल्या होत्या आणि वरच्या घरात पुन्हा तलवारी खणखणल्या. मग कुणीतरी मेलं.

तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी झोपमोड झालेल्या लेकीला कडेवर घेऊन वर गेले आणि बेल दाबूनच धरली.

दार उघडलं. चष्मा, विस्कटलेले केस, हातात गेमचा रिमोट.

"अहो, तुमच्याकडे रोज किती माणसं मरतात?"

"मीच मरतो. आज एकोणीस वेळा," तो ओशाळला. "सॉरी... मी मिहिर. रात्रपाळी असते, म्हणून दुपारी जरा—"

"वय काय तुमचं?"

"बत्तीस."

"ही तीन वर्षांची आहे. हिला एकदा सांगितलेलं कळतं."

तो हसला. मला हसू फुटू नये म्हणून मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं... आणि तिथेच अडकले. टीव्हीवर बर्फ पडत होता. लाकडी पूल, वाऱ्याने वाकलेलं गवत, आणि पलीकडच्या टोकाला काळ्या चिलखतातला एक सरदार. तलवारीवर हात ठेवून नुसता उभा. मारामारी कमी, ताटकळणंच जास्त. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, भर मे महिन्यात, माझ्या अंगावर शहारा आला.

"हा पूल ओलांडूच देत नाही," मिहिर म्हणाला.

"वार करण्याआधी तो डावा खांदा पाडतो."

"काय?"

"खांदा. प्रांजल वाटी फेकण्याआधी अस्साच पाडते. तुम्ही उगाच घाई करता. थांबा... थांबा... आता अडवा."

खण्ण. सरदाराची तलवार बर्फात जाऊन पडली.

मिहिर माझ्याकडे बघत राहिला. "पुढे अजून सात आहेत," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने हेडफोन लावला. तरी चार वाजता प्रांजल उठली की आम्ही वर.

"आता कसली तक्रार?"

"आवाज येत नाही, हीच. तू कुठवर पोचलास ते कळत नाही."

'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते माझं मलाच कळलं नाही. त्याचाही वैताग आला.

एक मात्र कळलं. महत्त्वाचं काही बोलण्याआधी मिहिर चष्मा वर सरकवायचा. गरज नसताना. त्याचं बोट चष्म्याकडे गेलं की मी उठायचे— हिला भूक लागली, कुकर लावायचाय, फोन येणारेय. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा घर सोडून गेला, तेव्हा मला आधी एकही खूण दिसली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाचा खांदा बघते. आणि प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. चुकले असते तर प्रांजलचीही वाट लागली असती.

शनिवारी गेले तर टेबलाच्या चारी कोपऱ्यांना निळे रबरी तुकडे चिकटवलेले.

"हे काय?"

"चप्पल. परवा हिचं डोकं थोडक्यात वाचलं ना. दुकानातले कोपरे दोन दिवसांत निघतात म्हणे."

मी एक ओढून पाहिला. हलेना.

"चांगली चप्पल कापलीस?"

"एकच. दुसरी आहे."

"एका चपलेचं काय करणार आहेस, मिहिर?"

टीव्हीवर शेवटचा सरदार वाट बघत उभा होता. मिहिरचं बोट चष्म्याकडे गेलं.

भूक, कुकर, फोन— सगळं माझ्या ओठांवर होतं.

"श्रुतिका..."

"बोल ना आता. किती वेळ लावतोस," मी म्हणाले.

"तुम्ही दोघी खाली गेलात की मी गेम बंद करतो. खेळावंसंच वाटत नाही. रोज वाटतं... नका जाऊ."

पडद्यावर सरदाराने त्याला उभा चिरला.

"बघ, मेलास."

"मरू दे. तू काहीतरी बोल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाली बसलेल्या प्रांजलने चुरमुऱ्यांची वाटी उचलली आणि डावा खांदा पाडला.

आम्ही दोघांनी एकदमच हात पुढे केले. चुरमुरे घरभर झाले. वाटी माझ्या हातात आली आणि माझा हात त्याच्या.

मी तो सोडवून घेतला नाही.