मुरब्याला जाणारी पुस्तकं

"मोठ्या माणसांना पुस्तकं मिळतात का?" दारातून प्रश्न आला, तेव्हा प्रियदर्शिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवर परीकथा लावत होती.

"वय काय?" तिने न वळताच विचारलं.

"भाचीचं आठ. माझं... राहू द्या."

ती हसत वळली आणि स्टूल डुगडुगलं. त्याने पुढे होऊन स्टूल धरलं, तिच्याकडे मात्र मुळीच पाहिलं नाही. तिला हे फार आवडलं.

बोईसरच्या कॉलनीत, घराच्या पुढच्या खोलीत तिने मुलांसाठी हे वाचनालय काढलं होतं. वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आलेले. दारात आलेला तो भाग्येश, जवळच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा, मच्छीमारांच्या घरातला, तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. दर शनिवारी शिफ्ट सुटली, की तो आजोळी राहणाऱ्या या भाचीसाठी, स्वातीसाठी, पुस्तक बदलायला यायचा. निवडायला इतका वेळ लावायचा, की तेवढ्यात कुणी ते वाचून संपवलं असतं.

"यातला वाघ शेवटी मरतो का? भाची रडते हो."

"स्वतःच वाचा की."

"वाचलं, तर तुम्हाला विचारायला काय उरेल?"

आता यावर कुठली मुलगी रागावेल?

पण परत आलेल्या त्या पुस्तकांना सुक्या बोंबलांचा वास यायचा. एका मुलाच्या आईने नाक मुरडलं, तसं प्रियदर्शिनीने ती पुस्तकं डांबरगोळ्या घालून वेगळ्या खोक्यात ठेवायला सुरुवात केली. खोक्यावर खडूने 'मुरबे' लिहिलं. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही, हेच तर वाईट. एका शनिवारी ती त्याच बाईला समजावत होती, "काळजी करू नका, मासळीवाल्यांची पुस्तकं मी यात मिसळत नाही."

भाग्येश दारात उभा होता.

त्याने खोकं पाहिलं. हातातलं पुस्तक स्वतःच त्यात नीट ठेवलं आणि "येतो" म्हणून निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

पुढचे शनिवार कोरडे गेले. प्रियदर्शिनीला घास गोड लागेना. स्वतःचं वाक्य आठवलं, की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खोक्यातली पुस्तकं तिने बाकीच्या पुस्तकांबरोबर फळीवर लावली, त्या बाईलाही तसं स्पष्ट सांगितलं; पण मन हलकं होईना. शेवटी एका सकाळी पिशवीत गोष्टींची पुस्तकं भरून ती रिक्षाने मुरब्याला गेली.

घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. भाग्येशची आई, रंभाबाई, ते सारखे करत होती. स्वाती पिशवी पाहून धावत आली.

"पुस्तकवाल्या ताई ना? बऱ्या झाल्या तुमी? मामा बोलला, तुमी आजारी हाय म्हणून वाचनालय बंद हाय. आजी रोज देवीला सांगते."

"किती वाळलीस गो पोरी," रंभाबाई हात पुसत म्हणाली. "जेवून जा."

प्रियदर्शिनीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जिने त्याचा अपमान केला, तिचीच लाज त्याने घरात झाकली होती! तो आता दारात आला होता आणि मानेनेच 'नको' म्हणत होता.

तरी ती बोलली. "मी आजारी नव्हते, मावशी. तुमच्या पुस्तकांना वास येतो म्हणून मी ती वेगळी ठेवायचे. लोकांसमोर तसं बोलले... यांनी ऐकलं. चुकलं माझं."

रंभाबाईने बांबूवरचा एक बोंबील सारखा केला. मग म्हणाली, "वास तं येणारच. आमचं पोट हाय त्यावर." आणि स्वातीला घेऊन आत गेली. जेवायचं पुन्हा म्हणाली नाही.

"कशाला सांगितलंत?" भाग्येश हळूच म्हणाला. "मी सांभाळून घेतलं होतं."

"म्हणूनच. या घरात मला खोटेपणाने यायचं नव्हतं."

"यायचं?"

तिचे कान तापले. "हो... नेहमीसाठी. तुम्हाला अजून तसं वाटत असेल तर."

तो समुद्राकडे पाहत राहिला. "वाटणं थांबवायचा प्रयत्न केला मी," तो म्हणाला. "जमलं नाही."

आतून रंभाबाईचा कोरडा आवाज आला, "तिला उन्हात उभी नको ठेवू. आत घे."

"आई रागावलीय," तो पुटपुटला.

"माहीत आहे."

"तरी येणार?"

प्रियदर्शिनीने पायरीशी चपला काढल्या आणि खाली मान घालूनच, पण आत गेली.