खाली माणूस आहे

दुपारचं जेवण उरकून भावजी संगणकासमोर बसले, ते पाहुणे यायच्या आत पडदा साफसूफ करायला. तसे ते भावजी एकाच माणसाचे. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याचं ऐकून ऐकून शिपायापासून मालकापर्यंत सगळं ऑफिसच त्यांना भावजी म्हणायला लागलं होतं. मेहुण्याला चिकटवलंही त्यांनीच. तेव्हा बायकोनं बजावून ठेवलं होतं, की नोकरी तुम्ही लावलीत, आता तो धडधाकट घरी येतोय की नाही तेही तुम्हीच बघायचं.

शहरभरच्या लिफ्ट आपली हालहवाल इंटरनेटवरून ऑफिसला कळवत आणि ती ब्राउझरमध्ये ओळीनं उमटे. दार उघडलं, दार मिटलं, दिवा गेला. प्रणाली भावजींनीच लिहिलेली. पण लिफ्ट ही जातच बोलघेवडी. पडद्यावर नुसता गलका माजलेला, आणि नवं गिऱ्हाईक तो बघायला येणार, म्हणून मालकानं सांगितलं होतं की फालतू बडबड बंद करा.

त्याची सोय होती. प्रत्येक लिफ्टच्या नावापुढे पातळी निवडायची. ‘माहिती’ निवडली की सगळं नोंदलं जाई. ‘इशारा’ निवडला की बारीकसारीक गळून जाई. ‘धोका’ म्हणजे आग लागली तरच उठवा. आणि ‘बंद’ म्हणजे तोंडाला कुलूप.

एकेका लिफ्टला गप्प करत भावजी त्या जुन्या इमारतीच्या लिफ्टपाशी आले. मेहुणा सकाळपासून तिथेच होता. शेवटची ओळ होती, मुख्य वीजपुरवठा बंद. म्हणजे पठ्ठ्यानं स्विच पाडला आणि लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला. केबिन वर टांगलेली, हा खाली ग्रीस पुसत. नेहमीचंच.

तेवढ्यात खाली एक ओळ उमटली.

माहिती: खाली माणूस आहे.

भावजींनी चष्मा पुसला. खड्ड्यात माणूस ओळखेल असं कुठलंच यंत्र नव्हतं, आणि असलं वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं. शोधून पाहिलं, अख्ख्या प्रोग्रॅममध्ये सापडलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी विचारलं, ही चेष्टा तुमची का? बाई म्हणाल्या, मला चेष्टा करायची असती तर मी तुमच्या पगाराची केली असती.

भावजींनी पातळी ‘इशारा’वर नेली. ओळी थांबल्या. ते पुढच्या लिफ्टकडे वळणार, तोच:

इशारा: खाली माणूस आहे.

आता ते जरा चिडले. स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम उलट बोलला, की पोटच्या पोरानं उलट बोलल्यासारखं होतं. त्यांनी ‘धोका’ निवडला. ओळ लाल होऊन आली. शब्द तेच. मग त्यांनी सरळ ‘बंद’ दाबलं, आणि हाताची घडी घालून बसले.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी मोटार लावत होतं. पडद्यावर ओळ आली. पातळीचा रकाना कोरा.

खाली माणूस आहे. काढा.

भावजींनी मेहुण्याला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. पलीकडे पाणी ठिबकत होतं.

“वर ये,” भावजी म्हणाले. “असशील तसा... आत्ता.”

“सांगतो...” आवाज अगदी हळू आला, आणि फोन बंद झाला.

धूळ गेली असेल घशात, असं त्यांनी ठरवलं. कुणाला सांगतो, हे विचारायचं सुचलं नाही.

चहाच्या वेळेला मेहुणा ऑफिसात शिरला. कपडे ग्रीसनं माखलेले, चेहरा पांढराफटक. ब्रेक सुटून केबिन खाली आली होती. खड्ड्यात राहिलेली हत्यारांची पेटी पापडासारखी चपटी झाली होती, आणि हा नुकताच शिडी चढून बाहेर आलेला. भावजींनी त्याला हात लावून पाहिला. बायकोला आता घरी तोंड दाखवता येणार होतं.

“पण भावजी, एवढं आलात तर थांबायचं तरी,” चहाचा कप दोन्ही हातांत धरून तो म्हणाला. “वरून नुसती ‘वर ये’ म्हणून हाक मारलीत आणि गेलात.”

“मी इथून हललो नाही. फोन केला होता.”

“फोन?” मेहुण्यानं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. सकाळीच त्याची बॅटरी उतरली होती. दिवसभर तो स्कूटरच्या डिकीत पडून होता.

भावजींनी त्या लिफ्टची पातळी उचलून परत ‘माहिती’वर आणली. मधल्या वेळेतली एकच ओळ तिथं होती.

माहिती: जागा मोकळी झाली. परत जातो.

मेहुण्यानं ती दोनदा वाचली. कप खाली ठेवला.

“भावजी...” तो म्हणाला. “उद्या केबिन उचलायला मलाच उतरायचंय हो तिथं.”

भावजी काही बोलायच्या आत पडदा हलला. नवी ओळ आली. इशारा नव्हता, धोकाही नव्हता.

माहिती: येऊ दे. सरकून बसतो.